विद्यार्थी शेजारी येतो तेव्हा

बेरशेवा येथील 'शखुना डालेत' आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. या शहरातील जुन्या वस्त्यांना नावांऐवजी आलेफ, बेत, गिमेल अशी अक्षरेच मिळाली. घाईघाईने घरे उभारणाऱ्यांना नाव शोधण्याची सवड नसावी! उत्तर आफ्रिकेतून आलेली कुटुंबे, १९९० नंतर आलेले रशियन बोलणारे, इथिओपियाहून आलेले, असे नाना देशांचे लोक तेथे एका जिन्याने चढतात-उतरतात.

वस्तीला लागूनच १९६९ साली स्थापन झालेले बेन-गुरियन विद्यापीठ आहे. त्याच्या 'दिरोत पतुखोत', म्हणजे 'उघडी घरे', या योजनेतील विद्यार्थी अशा वस्तीत बिऱ्हाड करतात. मुलांचा अभ्यास घेतात, म्हाताऱ्यांची विचारपूस करतात, आणि त्याबद्दल त्यांना आर्थिक साहाय्य मिळते. मग ही त्सदाका की नोकरी, असे आपले काही वडीलधारे विचारतात.

आम्हांला ही शंका फारशी खरी वाटत नाही. शिक्षक पगार घेतो म्हणून त्याची विद्या खोटी ठरत नाही. उलट पैसे मिळतात म्हणूनच गरीब ओले कुटुंबातला मुलगाही हे काम करू शकतो. एरवी ते श्रीमंतांच्या मुलांचेच राहिले असते.

खरा प्रश्न निराळा आहे. वस्तीचे दुखणे कोणते, हे कोणी ठरवायचे? १८८४ साली लंडनच्या व्हाइटचॅपेल भागात टॉयन्बी हॉल निघाला. ऑक्सफर्ड-केंब्रिजचे तरुण गरिबांत राहण्यास आले, आणि त्या काळी त्याच भागात पूर्व युरोपातून आलेले आपले यहुदी बांधव दाटीवाटीने राहू लागले होते. तरुणांची नियत चांगली होती. परंतु दुसऱ्याच्या घरी जाऊन त्याच्या घराविषयी मत देणे मोठे नाजूक काम असते. आपल्याविषयी आपल्याला न विचारता ठरवले गेले म्हणजे काय वाटते, हे बेने इस्राएलांना कोणी शिकवायला नको. आपल्या यहुदीपणाच्या प्रश्नावर १९६४ साली जेरुसलेममध्ये धरणे धरावे लागले होते.

शिवाय विद्यापीठालगत विद्यार्थ्यांची बिऱ्हाडे वाढली की घरमालक खोल्या पाडून भाडे वाढवतात. वस्तीचे भले करण्यास आलेला विद्यार्थी तिच्या अडचणींत अशी भरही घालतो. यात त्याचा दोष नाही, पण अभ्यास करायचाच तर आपल्या भाड्याच्या पावतीपासूनही करावा. आणि पदवी घेऊन तो निघून जातो, त्याच्या हाताला सवय झालेले मूल तेथेच राहते. जाण्यापूर्वी त्याने नव्या विद्यार्थ्याला मुलाच्या घरी नेऊन ओळख करून द्यावी, निदान एवढे तरी बंधन योजनेत हवे.

रंबामने त्सदाकेच्या आठ पायऱ्या सांगितल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याचाच दुसरा नियम कमी आठवला जातो: जो स्वतः त्सदाकेवर जगतो त्यानेही त्सदाका द्यावी. अशा वस्तीतल्या एखाद्या मराठी आजीकडे विद्यार्थी हिब्रू अर्ज भरून द्यायला जातो, तेव्हा ती त्याच्यापुढे पोह्यांची बशी ठेवणारच. पुष्कळ विद्यार्थी संकोचाने "नको" म्हणतात. आम्ही म्हणतो, त्याने बसावे, पोटभर खावे, आणि जिन्यातला दिवा किती दिवस बंद आहे हेही तिलाच विचारावे.