रथकाराचा अधिकार

अंधेरी-कुर्ला रस्त्यावर साकीनाक्याच्या आसपास, किंवा घाटकोपरहून मुलुंडकडे जाणाऱ्या लालबहादूर शास्त्री मार्गावर, दुचाकी दुरुस्तीच्या दुकानांत कार्बोरेटर अजून खोलला जातो. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांतून तो जवळजवळ हद्दपार झाला. जुन्या गाड्यांत मात्र आहे. त्याचे स्क्रू दोन तऱ्हांनी माणसाला अडवतात, आणि त्या दोहोंतला फरक ‘अधिकार’ या आपल्या जुन्या शब्दाची चांगली परीक्षा घेतो. पहिली तऱ्हा फ्लोट चेंबरच्या स्क्रूंची. मिकुनी आणि केहिन ही कार्बोरेटरची घराणी जपानी. त्यांच्या स्क्रूची फुल्ली दिसायला फिलिप्ससारखी, पण असते जपानी मानकाची, जेआयएसची. फिलिप्सचा स्क्रूड्रायव्हर तिच्यात तळापर्यंत बसत नाही. जोर लावला की वर सरकतो आणि स्क्रूचं डोकं खाऊन टाकतो. अशा कित्येक स्क्रूंवर ओळखीसाठी एक बारीक ठिपका असतो. इथे मज्जाव कोणालाच नाही. माझा आकार ओळख आणि मग हात लाव, एवढंच तो स्क्रू सांगतो.

दुसरी तऱ्हा हवा-पेट्रोलचं मिश्रण ठरवणाऱ्या पायलट स्क्रूची. अनेक कार्बोरेटरांत त्याच्या डोक्याला खाचच नसते. डोकं इंग्रजी डी अक्षरासारखं कापलेलं आणि खोल भोकात बसवलेलं. हेतू उघड आहे: धुराचे नियम कडक झाले, तेव्हा मालकाचा आणि नाक्यावरच्या मेकॅनिकचा हात तिथे पोचू नये. जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा सहावा अध्याय याच प्रश्नाचा, म्हणजे कर्म करण्याचा अधिकार कोणाला याचा. मीमांसकांच्या अटी चार: फळाची इच्छा हवी, सामर्थ्य हवं, त्या कर्माचं ज्ञान हवं, आणि शास्त्राने वगळलेलं नसावं. पहिल्या तिन्ही माणसाकडे पाहून ठरतात. चौथी दारावरची पाटी वाचून. शूद्राला यज्ञ का नाही, तर अग्न्याधान, म्हणजे यज्ञाचा अग्नी स्थापणं, तीनच वर्णांना सांगितलं आहे. अग्नी नाही म्हणून यज्ञ नाही. आधी साधन द्यायचं नाही आणि मग साधन नाही म्हणून अपात्र ठरवायचं! अधिकार सर्वांनाच आहे, हे बादरी या आचार्याचं मत तिथेच नोंदलेलं आहे, पण ते खोडण्यासाठी. यज्ञाचा आणि स्क्रूचा, या दोन मज्जावांचं दुःख सारखं नाही, हे सांगायलाच नको. एकाने पिढ्या नासवल्या, दुसऱ्याने फार तर एखादा रविवार. युक्तिवादाची घडण मात्र एकच आहे. डी-डोक्याचा स्क्रू तुमचं ज्ञान तपासत नाही. तुमच्याकडे विशिष्ट पाना आहे की नाही, तेवढंच तपासतो.

यावर कोणी म्हणेल, यज्ञ बिघडला तर यजमानाचा बिघडतो, मिश्रण बिघडलं तर सगळ्यांची हवा. आक्षेप वजनदार आहे. पेट्रोल गरजेपेक्षा जास्त गेलं की कार्बन मोनॉक्साइड वाढतो, आणि तो फक्त गाडीच्या मालकाच्या छातीत जात नाही. पण मग कुलपाने कोणाला अडवलं ते पाहा. तो पाना बाजारात विकत मिळतो. नाही मिळाला तर करवतीने डोक्यावर खाच पाडतात, किंवा बॉलपेनची नळी तापवून दाबतात; तिच्यात डी उमटतो आणि नळीच पाना होते. म्हणजे बेफिकीर माणूस आत शिरतोच, बाहेर राहतो तो नियम पाळणारा. हवा राखायची तर धुराड्याच्या तोंडाशी राखावी, पीयूसीच्या तपासणीत वायू मोजून. त्या तपासणीत नापास झालेली जुनी गाडी पुष्कळदा सुधारते ती हाच स्क्रू फिरवून. पीयूसी नावापुरतं होतं म्हणाल, तर ती तक्रार पीयूसीची आहे. तिची शिक्षा स्क्रूला कशाला?

उलट बाजूचा आक्षेप मला जास्त धोक्याचा वाटतो: सगळं खुलं, तर मग वाटेल तसं पिळा. चौथी अट काढली म्हणून तिसरी जात नाही, उलट तिच्यावरच सगळा भार येतो. पायलट स्क्रूचं टोक सुईसारखं असतं. तळाला टेकल्यावरही आवळत राहिलं तर बैठक खराब होते, कधी टोक भोकातच मोडतं, आणि मग पूर्ण कार्बोरेटर बदलावा लागतो. पेन तापवणाऱ्याची कल्पकता कौतुकाची, पण आकाराला हत्यार जुळवणं म्हणजे यंत्र समजणं नव्हे.

चौथी अट अभेद्य नाही, हेही त्याच अध्यायात सापडतं. रथकाराने पावसाळ्यात अग्न्याधान करावं, असं वचन आहे. हा रथकार कोण? रथ बनवणारा कोणीही त्रैवर्णिक, की त्या नावाची वेगळी जात? जैमिनीचा निर्णय असा, की शब्दाचा रूढ अर्थ घ्यावा: तीन वर्णांबाहेरची जात. ज्याला अग्नी नव्हता त्याला तो मिळाला, आणि मिळाला तो वाहन घडवणाऱ्याला. त्याच्या कसबासाठी नव्हे, वचन सापडलं म्हणून, पण मिळाला. अधिकार मिळाला तरी ज्ञानाची अट उरतेच. तेव्हा पायलट स्क्रू काढायची वेळ आलीच, तर आधी तो हलक्या हाताने आत फिरवा, टेकेपर्यंत किती फेरे बसले ते मोजा, कागदावर लिहा, आणि मगच बाहेर काढा.