वाऱ्याच्या हवाली केलेला नाद

देवळात शिरताना आपण घंटा वाजवितो, तेव्हा ती कोणी वाजविली याविषयी शंका उरत नाही. हात आपला, हेतू आपला, आणि नादही आपलाच. परंतु अंगणातील झाडास टांगलेली वाऱ्याची घंटा, जिला हल्ली सर्वत्र 'विंड चाइम' म्हणतात, ती मध्यरात्री वाजू लागली, तर तो नाद कोणाचा? वाऱ्याचा, की टांगणाराचा? प्रश्न प्रथमदर्शनी पोरकट वाटेल. आम्हांसही तो बरेच दिवस तसाच वाटत होता.

अशी एक घंटा आम्ही उन्हाळ्यात स्वतः तयार केली. काम अवघड नाही, मात्र ते नियमाने केले पाहिजे. एकाच जाडीच्या, दोन्ही टोके मोकळी असलेल्या नळ्या घेतल्या, तर त्यांचा स्वर लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात चढतो. म्हणजे नळी निम्मी केली की स्वर एक नव्हे, दोन सप्तके वर जातो. षड्जासाठी ६० सेंटिमीटरची ॲल्युमिनियमची नळी धरल्यास ऋषभास सुमारे ५६.६, गांधारास ५३.७, पंचमास ४९ आणि धैवतास ४६.५ सेंटिमीटर लांबी लागते. भूपाचे हे पाच स्वर आम्ही मुद्दाम निवडले. वाऱ्यास आरोह-अवरोह ठाऊक नसतो. मध्यम व निषाद वगळल्यामुळे या पाचांत अर्धस्वराचे अंतर कोठेच पडत नाही, आणि ते कोणत्याही क्रमाने वाजले तरी कानास फारसे खुपत नाहीत. दोरीसाठी भोक पाडावयाचे ते टोकापासून लांबीच्या शेकडा २२.४ अंतरावर. तेथे नळी जवळजवळ स्थिर असते, म्हणून दोरी तिचा कंप अडवीत नाही. मधोमध लाकडी लोलक आणि त्याखाली वारा धरणारे एक पातळ पान बांधले, की घंटा पुरी झाली.

घंटा कोणती निवडावी, याचा विचार जपानी लोकांनी फार बारकाईने केलेला आहे. त्यांचे काचेचे 'फूरिन' आतील बाजूने रंगविलेले असते, आणि त्याची कड न घासता खरबरीत ठेवतात. नादातील नाजूकपणा त्या खरबरीतपणातून येतो. इवाते प्रांतातील लोखंडी फूरिनाचा नाद लांबट व गंभीर. मिझुसावा रेल्वे स्थानकावर उन्हाळ्यात टांगलेल्या अशा घंटांच्या नादास तेथील पर्यावरण खात्याने १९९६ साली देशातील शंभर जतनीय ध्वनींत स्थान दिले. परंतु आम्हांस विशेष वाटते ते निराळेच. फूरिन ही उन्हाळ्याची वस्तू आहे. उकाड्यात झुळूक आल्याची वर्दी देणे हे तिचे काम, आणि ऋतू सरला की ती काढून ठेवण्याची रीत आहे. टांगण्याच्या कलेत काढण्याचाही अंतर्भाव होतो, हे आम्ही त्या वेळी ध्यानात घेतले नव्हते.

आषाढ आला. नैर्ऋत्येचा वारा रात्रंदिवस वाहू लागला आणि आमचा भूपही रात्रंदिवस चालू झाला. आम्ही कौतुकाने ऐकत होतो. पंधरा-वीस दिवसांनी शेजारच्या वृद्ध बाई कुंपणापाशी थांबून संकोचाने म्हणाल्या, "तुमच्या घंटेचा नाद गोड आहे हो, पण तो पुन्हा केव्हा येईल ते कळत नाही. कान वाटच बघत राहतो, मग झोप कसली?"

या उत्तराने आम्ही चपापलो. कर्कशपणाची तक्रार असती, तर आमच्याजवळ भूपाचा बचाव होता. घड्याळाची टिकटिक नियमित असते, म्हणून कान तिला विसरू शकतो. घंटेचा जो अनियमितपणा आम्हांस काव्यमय वाटला, तोच त्यांच्या झोपेवर उठला होता.

येथे कोणी म्हणेल, पहाटे कोकिळाही ओरडते आणि रात्री आगगाडीही जाते; मग घंटेनेच काय पाप केले? परंतु कोकिळेस कोणी टांगलेले नाही, आणि आगगाडी पुष्कळांच्या गरजेसाठी धावते. घंटा केवळ आमच्या हौसेची. कायद्याकडे बोट दाखविता आले असते. २००० सालच्या ध्वनिनियमांनी निवासी भागास रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. आम्ही ते मोजीत बसलो नाही. शेजाऱ्याची झोप मोडली की नाही, हे सांगावयास शेजारी पुरेसा आहे.

राहता राहिला वाऱ्याचा सबब. "वाजवितो वारा, आम्ही काय करणार?" हे वाक्य आमच्याही ओठांवर आले होते. परंतु शेतकरी बांधावरचा पाचोळा पेटवून घरी गेला आणि वाऱ्याने शेजारची गंजी पेटली, तर त्याचा हाच सबब आपण मानू काय? किंबहुना आम्हांस असे वाटते, की कर्ता जितका दूर, तितकी त्याची जबाबदारी अधिक. जो स्वहस्ते घंटा वाजवितो, तो ऐकणाराचा चेहरा पाहून हात आवरू शकतो. वाऱ्यास चेहरे दिसत नाहीत. म्हणून ज्याने आपले काम वाऱ्याच्या हवाली केले, त्याने ते चेहरे अगोदरच पाहून ठेवले पाहिजेत. आपल्या गैरहजेरीत आपोआप चालणाऱ्या सर्वच व्यवस्थांना, घंटेपासून यंत्रांपर्यंत, हा न्याय लागू पडावा.

आता दिवेलागणीस आम्ही लोलकाखालचे पान काढून घेतो आणि सकाळी चहा झाल्यावर पुन्हा अडकवितो. वाऱ्याच्या रात्री चुकल्यासारखे वाटते, हे कबूल केले पाहिजे. मध्यंतरी एके दिवशी दुपारी बाईंनी कुंपणापलीकडून विचारले, "आज वारा पडला वाटतं?"

वारा होता. पान अडकवावयास आम्हीच विसरलो होतो.