सत्कार झाला, ऐकायचं राहिलं

सोलापुरातल्या एका मंडळीच्या तरुण संघानं वडीलधाऱ्यांचा सत्कार करायचं ठरवलं. कल्पना मनापासूनची होती. पिकल्या केसांच्या माणसासमोर उठून उभं राहावं, ही मोशेच्या नियमशास्त्रातली आज्ञा आहे. लेवीयच्या १९व्या अध्यायात ती देवाच्या भयाशीच जोडलेली आहे. मुलांनी वर्गणी काढली, सोलापुरी चादरी आणल्या आणि हजेरीवही पाहून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांची यादी केली.

उपासना संपली. एकेक नाव पुकारलं जाई, सगळी मंडळी उभी राही, टाळ्या पडत. सर्वांत शेवटी एक आजी पुढं आल्या. सारा जन्म विड्या वळण्यात गेलेला, पाठ वाकलेली. चादर काखेत धरून त्यांनी माईक हातात घेतला. "सलाम मंडळी. मला एक सांगायचं होतं. पूर्व भागातले आपले तात्या..."

निवेदन करणारा तरुण संघाचा सेक्रेटरी होता. बाहेर पंगत खोळंबली होती. त्यानं अदबीनं माईक घेतला आणि म्हणाला, "आजी, तुमचा आशीर्वाद असाच आमच्यावर राहू द्या." पुन्हा टाळ्या पडल्या. आजी मुकाट्यानं जागेवर जाऊन बसल्या.

पंगतीत पाळकसाहेब आजींच्या शेजारी बसले. "आजी, मघाशी काय सांगत होता?"

"तात्यांचं नाव यादीत न्हाई, एवढंच," आजी म्हणाल्या. "कंबरेचं हाड मोडल्यापासनं त्यांना देवळात येता येत न्हाई. येत न्हाईत म्हणून हजेरी न्हाई, हजेरी न्हाई म्हणून नाव न्हाई. ज्यांना येता येत न्हाई ते आपले नव्हंत का?"

शेंगाचटणी वाढत आलेला सेक्रेटरी तिथंच थबकला. पाळकसाहेब त्याला म्हणाले, "यरुशलेमेच्या पहिल्या मंडळीतही हेच झालं होतं. रोजच्या वाटपात काही विधवा सुटल्या आणि कुरकुर झाली. प्रेषितांनी ती कानाआड केली नाही. सात माणसं नेमून त्यांच्यावर ते काम सोपवलं. प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय आज घरी काढून वाच."

दुपारीच सेक्रेटरी एक चादर घेऊन आजींबरोबर निघाला. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली, तेव्हापासून या शहरातली कितीतरी घरं सुतावर जगली. तात्याही गिरणीत साच्यावर होते. गिरणी बंद पडल्यावर ते यंत्रमागावर गेले. रविवारी मात्र ना. वा. टिळकांच्या भजनांना तबल्याची साथ त्यांचीच असे.

तात्या खाटेवर पडून होते. चादर हातात येताच त्यांनी तिचा काठ अंगठ्याखालून सरकवत नेला, उलटी बाजू डोळ्यांजवळ धरली. "वीण घट्ट आहे. विणणाऱ्यानं काम चोख केलंय," ते म्हणाले.

सेक्रेटरीनं प्रार्थना केली आणि तो उठू लागला. आजींनी त्याचं मनगट धरलं. "बस की रे. सकाळी उठून उभा राहिलास, आता जरा बस."

तो बसला आणि तात्या बोलू लागले. गिरणी बंद पडली तेव्हा मंडळीतल्या बायका भाकरी करण्याआधी पिठातून एक मूठ बाजूला काढत. रविवारी ते पीठ देवळात गोळा होई आणि अंधार पडल्यावर बेकार झालेल्यांच्या घरी पोचे. कुणाच्या घरी, ते दोघांनाच ठाऊक असे: त्या वेळच्या पाळकांना आणि पीठ पोचवणाऱ्या तात्यांना.

"तुझं घर त्यात होतं," तात्या म्हणाले. "तुझ्या आजोबांना पुन्हा काम लागलं, तसं त्यांनी पहिल्या पगारातून ज्वारीचं पोतं आणून टाकलं. आज सांगतोय, कारण सांगणारा आता मी एकटाच उरलोय."

सेक्रेटरीला हे घरात कुणी सांगितलं नव्हतं. त्या महिन्यात मंडळीतल्या दोन घरांतले माग बंद होते. काय करावं, यावर तरुण संघाच्या बैठका होत होत्या, पण मार्ग सुचत नव्हता. तो मार्ग खाटेवर पडलेल्या माणसाजवळ होता. पुढच्या रविवारपासून देवळात पुन्हा पिठाचा डबा ठेवला गेला. हजेरीवहीत नवं पान उघडलं गेलं. त्यावर येऊ न शकणाऱ्यांची नावं होती आणि पहिलं नाव तात्यांचं होतं.

शलमोनाचा मुलगा रहबाम यानं वडीलधाऱ्यांना सल्ला विचारला खरा, पण तो बाजूला सारून बरोबरीच्या तरुणांचं ऐकलं. बारांपैकी दहा वंश त्याच्या हातून गेले. विचारूनही न ऐकणं, हाही अनादरच आहे. देवानं म्हाताऱ्यांना मान द्यायला सांगितलं, तो मान चादरीनं पुरा होत नाही. त्यांचं बोलणं ऐकून घेतलं आणि त्याप्रमाणे वागलं, तर तो पुरा होतो.

येत्या रविवारी उपासनेला जाल तेव्हा कोणती जागा रिकामी आहे ते पाहा. दुपारी त्या माणसाच्या घरी जा. प्रार्थना जरूर करा, पण आधी त्यांना काय सांगायचं आहे ते विचारा, आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत उठू नका.