ताळा आणि प्रामाण्य

समुद्राच्या पोटात किती मासळी आहे हे डोळ्यांनी पाहून कोणालाही सांगता येत नाही, आणि जे प्रत्यक्षास अगोचर, तेथे अनुमानाचाच आश्रय करावा लागतो. पाण्याचे तापमान, प्लवकांची पैदास, मोठ्या माशाने लहान माशास खाण्याचा क्रम आणि नौकांची वर्दळ ही सारी समीकरणांत गुंफून सागरशास्त्रज्ञ संगणकावर सागराचे गणिती प्रतिमान उभे करतात, अमुक साली अमुक इतकी मासळी जाळ्यांत यावयास हवी होती असे त्यातून काढतात, आणि तो आकडा सरकारदफ्तरी नोंदलेल्या आकड्याशी ताडून पाहतात. ताळा जमला की प्रतिमान विश्वसनीय ठरते. परंतु ताळा जमणे म्हणजेच प्रामाण्य काय? पुढल्या पिढ्यांच्या अन्नाविषयीचे निर्णय याच प्रतिमानांच्या भरवशावर व्हावयाचे असल्यामुळे हा प्रश्न मला केवळ तांत्रिक वाटत नाही.

बाराव्या शतकात श्रीहर्षाने ‘खंडनखंडखाद्य’ ग्रंथात नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांना, याच जातीच्या पेचात पकडले होते. पर्वतावरील धुक्यास धूर समजून एखाद्याने तेथे अग्नीचे अनुमान करावे, आणि दैवयोगाने तेथे अग्नी खरोखरच असावा. निष्कर्ष यथार्थ निघाला, तरी त्यास ज्ञान म्हणावे की नाही? प्रतिमानाच्या बाबतीत ही शंका कल्पनेतली नाही. पकड म्हणजे मासळीचा साठा, मासेमारीचा खटाटोप आणि जाळ्यांची पकडशक्ती यांचा गुणाकार. तेव्हा साठा निम्मा धरला आणि पकडशक्ती दुप्पट, तरी पकडीचा आकडा तोच येतो. दफ्तराशी तंतोतंत जुळणारे प्रतिमान समुद्राविषयी पुरते चुकलेले असू शकते.

कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर अशाच अनुमानाची किंमत माणसांनी मोजली. तेथे वापरात होते ते सागराचे समग्र प्रतिमान नव्हते, कॉड या एकाच जातीच्या साठ्याचा अंदाज होता, तथापि दोष त्याच कुळातला. १९८० नंतरच्या दशकात खोल समुद्रातील ट्रॉलरांना भरपूर मासळी मिळत होती, आणि ज्याअर्थी पकड भरपूर त्याअर्थी साठाही भरपूर, अशी व्याप्ती, म्हणजे हेतू आणि साध्य यांचा अटळ संबंध, गृहीत धरली गेली. त्या व्याप्तीत उपाधी, म्हणजे तिला बाधा आणणारी छुपी अट, दडलेली होती: घटत चाललेला कॉड दाटीवाटीने एकत्र येत होता, आणि ध्वनियंत्रांच्या साहाय्याने ट्रॉलर नेमके त्याच थव्यांवर जात होते. किनाऱ्यालगत लहान होड्यांतून मासेमारी करणारे लोक मासळी कमी येते, आकाराने लहान येते, अशी तक्रार करीत होते. पण त्यांच्या कैफियतीला आकड्यांइतके वजन मिळाले नाही. २ जुलै १९९२ रोजी मत्स्यमंत्री जॉन क्रॉस्बी यांनी कॉडच्या मासेमारीवर बंदीचा हुकूम जाहीर केला, आणि सुमारे तीस हजार माणसांची रोजी गेली. जे पाण्यात हात घालून सांगत होते त्यांची साक्ष बाजूस सारली गेली, याचे दुःख मला त्या गणिताच्या चुकीहून अधिक होते.

शिवाय ज्या नोंदीशी ताळा पाहावयाचा, ती स्वतः शब्दप्रमाण, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबलेली, आहे, आणि शब्द आप्ताचा, म्हणजे विश्वासार्ह सांगणाऱ्याचा, असेल तरच प्रमाण. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या दप्तराप्रमाणे १९९६ साली जगाची सागरी पकड ८ कोटी ६० लाख टनांच्या शिखरास पोहोचली. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली आणि डर्क झेलर यांनी लहान होड्यांची, बेकायदा आणि समुद्रातच फेकून दिलेली मासळी हिशेबात धरून २०१६ मध्ये तोच आकडा १३ कोटी टन असल्याचा अंदाज मांडला. मग प्रतिमानाने जुळावे तरी कोणत्या आकड्याशी? आणि ज्याला पकडीचे आकडेच आधी पुरवून बसवले आहे, त्याने तेच आकडे परत दिले तर ते निव्वळ सिद्धसाधन, म्हणजे आधीच सिद्ध असलेलेच पुन्हा सिद्ध करणे, होय.

म्हणून एका प्रतिमानाच्या चोख जुळणीपेक्षा अनेक प्रतिमानांचा उघड मतभेद मला अधिक आश्वासक वाटतो. २०१९ साली अशा अनेक सागरी प्रतिमानांचा एकत्र विचार करून, कर्बवायूंचे उत्सर्जन अनिर्बंध राहिल्यास शतकाअखेर समुद्रातील प्राण्यांचा एकूण भार सरासरी १७ टक्क्यांनी घटेल, असे अनुमान प्रसिद्ध झाले, आणि त्याच वाक्यात अधिक-उणे ११ टक्के हा फरकही छापला गेला. एकेका प्रतिमानाची कसोटीही कडक हवी: ते बसवताना शेवटच्या काही वर्षांच्या नोंदी त्याच्यापासून झाकून ठेवाव्यात आणि मग त्याच वर्षांविषयी त्याला विचारावे. एकूण बेरजेवर समाधान न मानता जातवार आणि आकारवार तपशील मागावा. आणि मासेमारीची मर्यादा ठरवताना त्या ११ टक्क्यांतील सर्वांत प्रतिकूल टोक आधी विचारात घ्यावे.