स्वतःच्या सावलीवर तलवार

सुट्टी लागली की आपणा पालकांपुढे प्रश्न उभा राहतो : मुलांना कॉम्प्युटरवर कोणता गेम खेळू द्यावा? मी माझ्या बारा वर्षांच्या मुलाला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' दिला. जुना, १९८९ सालचा. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने आपल्या धाकट्या भावाला पांढऱ्या कपड्यांत पळायला, उड्या मारायला लावून त्याचे चित्रण केले आणि त्यावरून राजपुत्राची एकेक हालचाल रेखाटली. वजीर जाफरने राजकन्येला कोंडले आहे, ६० मिनिटांत तळघरांतून वाट काढत तिला सोडवायचे. वसईचा किल्ला पाहत वाढलेल्या मुलांना ती तळघरे फार परकी वाटत नाहीत. मात्र जमिनीतून वर येणारे खिळे, धारदार पाती, रक्त हे सारे त्यात आहे. अगदी लहानांना देऊ नये. राजकन्या तासभर नुसती वाट पाहते हेही मला खटकते, जरी एकदा ती उंदीर पाठवून राजपुत्राची अडकलेली वाट मोकळी करते.

पण मला लिहायचे आहे ते सावलीविषयी. चौथ्या टप्प्यावर वाटेत आरसा येतो. तो भेदून उडी मारल्याशिवाय सुटका नाही, आणि त्या उडीबरोबर राजपुत्राचीच सावली बाहेर पडते. पुढे ती त्याचे औषध पळवते, त्याच्या तोंडावर दार लावते. शेवटी बाराव्या टप्प्यावर ती तलवार घेऊन समोर उभी ठाकते.

माझा मुलगा तिथे अडला. चिडून वार करीत सुटला. "पप्पा, मारतो मी त्याला, आणि मरतो मीच!" तो ओरडला. तो आवाज माझा होता. आदल्याच आठवड्यात मी त्याच आवाजात त्याच्यावर ओरडलो होतो, हातही उगारला होता.

तिथे उपाय एकच आहे. तलवार म्यान करायची. मग सावलीही म्यान करते, दोघे एक होतात, आणि पुढच्या दरीवर, जिथे काहीच दिसत नाही तिथे, पाऊल टाकावे तशी वाट उमटते.

कोणी म्हणेल, मग पापाशी लढायचेच नाही का? लढायचे. जाफरशी तलवारीनेच लढावे लागते, पण त्यानंतर. माझा राग हा शेजाऱ्याचा किंवा सैतानाचा म्हणून मी त्यावर वार करीत राहिलो तर जखम घरातच होते. तो माझा आहे हे मान्य करणे म्हणजे त्याला मोकळे सोडणे नव्हे. पापनिवेदनाला गुडघे टेकतो तेव्हा आपण 'माझ्याकडून झाले' एवढेच तर म्हणतो. ते म्हणताना जीभ किती जड होते, हे ज्याचे त्याला ठाऊक.

मी मुलाला उत्तर सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी त्याचे त्यालाच सापडले. त्या उगारलेल्या हाताविषयी त्याच्याशी बोलायला मला मात्र आणखी तीन दिवस लागले.