जादा माणूस

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर पाचमध्ये जीन्सचे कारखाने गल्लोगल्ली आहेत. एका गाळ्यात कटिंग, दुसऱ्यात शिलाई, तिसऱ्यात नुसती बटणं ठोकायची. माल चलनावर फिरत राहतो आणि त्याचा हिशेब ठेवणं म्हणजे डोक्याला ताप. अशा कारखानदारांसाठी बिलांचं सॉफ्टवेअर बनवणारं एक लहानसं ऑफिस तिथे होतं. प्रोग्रॅम लिहिणारे तिघंच: बदलापूरची एक मुलगी, अंबरनाथचा एक मुलगा आणि तिसरा उल्हासनगरचाच. त्यांच्यावर एक मॅनेजर.

मॅनेजर स्वतः पट्टीचा प्रोग्रॅमर होता. दुखणं तिथेच होतं.

२०१७ चा जून चालू होता. १ जुलैपासून जीएसटी लागणार, म्हणून सगळ्यांची धावपळ. तयार कपड्यावर हजार रुपयांपर्यंत ५ टक्के, त्याच्यावर १२, आणि दुसऱ्याचे कपडे शिवून देण्याच्या जॉबवर्कला १८. बदलापूरच्या मुलीने हे आकडे प्रोग्रॅममध्ये कुठेच थेट लिहिले नाहीत. तिने एक तक्ता केला: दर किती, कोणत्या तारखेपासून, कोणत्या तारखेपर्यंत. प्रोग्रॅमने बिलाची तारीख बघायची आणि तक्त्यातून दर उचलायचा. याला वेळ लागत होता, आणि मॅनेजरला धीर धरवेना. मुलगी लोकल पकडायला विठ्ठलवाडी स्टेशनकडे निघाली की तो तिच्या फाइली उघडून बसे. एका रात्री त्याने तो तक्ता काढूनच टाकला, जिथे जो दर लागेल तिथे ५, १२, १८ असे आकडे थेट लिहिले आणि काम उरकलं.

सकाळी मुलीने बघितलं. काही बोलली नाही.

जीएसटी लागला, बिलंही निघू लागली, पण पुढची कामं मात्र रेंगाळत गेली. अंबरनाथचा मुलगा अर्धं काम करून संध्याकाळी बॅग उचलायचा. रात्री सर करणारच आहेत, मग आपण कशाला डोकं चालवायचं? मॅनेजरला वाटे, पोरांना तळमळच नाही. त्याने रोजच्या कामाचे तक्ते भिंतीवर लावले, चुकांची मोजदाद सुरू केली. पोरं चुका लपवायला शिकली.

ऑफिसचे मालक म्हणाले, "आणखी दोन माणसं घे." मॅनेजर नाही म्हणाला. आयबीएममध्ये मोठं काम सांभाळलेल्या फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच एका पुस्तकात लिहून ठेवलंय, की रखडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामात माणसं वाढवली तर ते आणखी रखडतं. नव्या माणसाला समजावण्यातच जुन्याचा दिवस जातो. मॅनेजरला हे पुस्तक जवळजवळ पाठ होतं. पण रोज रात्री आपणच जादा माणूस होऊन बसतो, हे त्याच्या गावीही नव्हतं.

जुलैच्या अखेरीला तो एका शेठच्या कारखान्यात गेला. शेठ पूर्वी स्वतः कारागीर, मशीनवर उभा जन्म गेलेला. एका पोराच्या हातच्या पँटीला मांडीच्या शिवणीत टाके सुटत होते. शेठने पँट उजेडात धरली, शिवणीवरून अंगठा फिरवला, मग मशीनची सुई काढून नखावर टोचून बघितली. टोक वाकलं होतं. खिशातल्या पुडीतून नवी सुई काढून त्याने पोराच्या हातात दिली आणि तो पुढच्या मशीनकडे गेला. सुई लावलीसुद्धा पोरानेच.

"शेठ, तुम्ही बसला असतात तर दोन मिनिटांत झालं असतं," मॅनेजर म्हणाला.

"झालं असतं ना. एक पँट झाली असती," शेठ म्हणाला, "आणि उद्या टाका सुटला की हा हात बांधून माझी वाट बघत बसला असता. मला काम येतं ते सुई कुठे वाकली ते कळावं म्हणून. त्याच्या खुर्चीत बसायला नाही, साहेब."

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने भिंतीवरचे तक्ते काढले आणि तिघांना एकच विचारलं, "अडतंय कुठे?" आधी कोणी तोंड उघडेना. मग कळलं, गिऱ्हाइकं थेट या मुलांनाच फोन करतात आणि दिवसाचा निम्मा वेळ त्यातच जातो. शिवाय एकच गोष्ट दोन कारखानदारांना दोन तऱ्हेची हवी असते. कोणाचं ऐकायचं ते कोणी ठरवत नाही. फोन मॅनेजरने स्वतःकडे घेतले, भांडणं मिटवायचं कामही घेतलं. ही खरी मॅनेजरची कामं, आणि सगळ्यात कंटाळवाणीही तीच.

५ ऑगस्टला जीएसटी परिषदेने कपड्यांच्या जॉबवर्कचा दर १८ वरून ५ वर आणायचं ठरवलं. मॅनेजरने रात्री लिहिलेले १८ प्रोग्रॅमभर विखुरलेले होते. त्याचे हात शिवशिवले. तरी तो मुलीकडे गेला आणि म्हणाला, "तुझा तक्ता परत बसवायला काय लागेल?"

"जुनी प्रत आहे, सर. पण मधे कोणी हात लावू नका."

त्याने लावला नाही. ती आणि अंबरनाथचा मुलगा दर कुठून कुठे उचलायचा यावर संध्याकाळपर्यंत भांडत होते, आणि मॅनेजर बाहेरच्या खोलीत फोन घेत होता.

पुढे तोही अधूनमधून थोडं लिहायचा, पण मुलीने तपासल्याशिवाय ते आत जात नसे. एकदा तिने त्याचं काम परत पाठवलं: "सर, दर पुन्हा थेट लिहिलाय." त्याने मुकाट्याने दुरुस्त केलं.

२२ सप्टेंबर २०२५ ला तयार कपड्यांची मर्यादा हजारावरून अडीच हजारांवर गेली आणि त्यापुढचा दर १८ टक्के झाला. वांगणीहून येणाऱ्या एका नव्या पोराने तक्त्यात ओळी भरल्या, मुलीने त्या तपासल्या, आणि मॅनेजरला हे कळलं ते जेवणाच्या सुट्टीत.