हात जोडताना

देवा, रोज तुझ्यापुढे हात जोडते. आज त्या हातांकडेच बघत बसले. खांद्याशी दंडाचं एकच हाड, कोपराखाली दोन, मग मनगट, मग बोटं. कॅनडातल्या मिगुआशाच्या कड्यात सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीचा युस्थेनॉप्टेरॉन नावाचा मासा सापडतो. त्याच्या मांसल पराच्या आतही हीच रचना आहे, आधी एक हाड आणि पुढे दोन. बोटं तेवढी नाहीत. तू हा हात पाण्यात घडवायला घेतलास आणि माझ्यापर्यंत आणून पोचवलास. त्यासाठी हा नमस्कार.

मागणं मात्र त्यांच्यासाठी आहे, ज्यांना तू पाण्यातच ठेवलंस. त्याच मोठ्या कुळातल्या सीलॅकँथ माशांसाठी. त्यांचे सर्वांत जुने जीवाश्म सुमारे ४१ कोटी वर्षांचे. आमच्या प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातही ज्युरासिक काळातला एक निघाला. १९७४ साली त्याला इंडोसीलॅकँथस असं नाव मिळालं. खडकांतली त्यांची नोंद संपते ती सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, आमच्या सह्याद्रीचा कातळ लाव्हा होऊन वाहत होता त्या सुमारास. त्यापुढे एक हाड नाही, एक खवला नाही. म्हणून आम्ही म्हटलं, हे कूळ संपलं.

क्षमा कर. आम्हाला दिसलं नाही, म्हणून तुझ्याकडे नाही असं आम्ही धरून चाललो.

मग २२ डिसेंबर १९३८ला दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडन बंदरात, ट्रॉलरवरच्या माशांच्या ढिगातून एक निळा पर वर आलेला मार्जोरी कोर्टने-लॅटिमर यांना दिसला. तो सीलॅकँथ होता. दीड मीटर लांबीचा तो मासा त्यांनी टॅक्सीत घालून आपल्या संग्रहालयात नेला. उन्हाळ्याचे दिवस, पुरेसं फॉर्मॅलिन नाही. आतले अवयव टाकून द्यावे लागले. पण कातडी त्यांनी राखली. त्यांची ती नजर माझ्या विद्यार्थ्यांना दे, देवा. ढिगातलं एक वेगळं दिसणारी, आणि दिसल्यावर न सोडणारी.

आणखी एका गोष्टीची क्षमा. आम्ही त्याला ‘जिवंत जीवाश्म’ म्हणतो, जणू तू त्याला घडवून विसरून गेलास. तू विसरला नव्हतास. ट्रायासिक काळात याच कुळात दुभंगलेल्या शेपटीचा चपळ शिकारी होता. पुढे मॉसोनियासारखे प्रचंड मासे झाले. आजच्या माशाच्या पोटात चरबीनं वेढलेलं, निकामी झालेलं फुप्फुस आहे. त्याच्या पूर्वजांनी कधीतरी हवा घेतली होती. हा खोल पाण्यात गेला आणि ती सवय सुटली. तुझं काम त्याच्यावरही चालूच होतं.

कोमोरोस बेटांपाशी ते दिवसा लाव्हाच्या कपारींत एकमेकांशेजारी शांत थांबतात. मादी पिल्लं पोटात वाढवते. अलीकडचा अंदाज पाच वर्षांचा आहे. पाच वर्षं, देवा! आणि टांझानियाच्या किनाऱ्यावर शार्कसाठी खोल लावलेल्या जाळ्यांत त्या सापडतात. कोळ्यांना दोष देत नाही. त्यांच्या घरी चूल पेटू दे, दुसरी मासळी भरपूर दे.

आता अंधार पडेल. ते कपारीतून बाहेर निघतील, समोरासमोरचे पर आळीपाळीनं हलवत, चार पायांनी चालल्यासारखे, प्रवाहाबरोबर. पोटुशी असेल तिच्या वाटेत आज जाळं नको.